दर ऑक्टोबरात येणारी ही ‘सर्दी’ नव्हे

पाऊस उघडीप देतो. रिकाम्या प्लॉटवर आणि रस्त्याच्या कडेला गाजर गवत कमरेएवढं होऊन बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातं, आणि घरोघरी सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू होतात. एका दमात दहा-पंधरा. नाकातून नुसतं पाणी, टाळूला खाज, डोळे लाल, मग नाक गच्च. ताप नाही, अंगदुखी नाही. अकराच्या सुमारास जरा बरं वाटतं, माणूस कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. महिना-दोन महिने हे चालतं, दरवर्षी चालतं, आणि घरातले म्हणतात, ‘त्याला ना, सर्दीचा कोठाच आहे.’

डॉक्टरी भाषेत हा अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिस. इंग्लंड-अमेरिकेत त्याच्या मोसमी प्रकाराला हे फीव्हर म्हणतात. यावर चांगली औषधं आहेत, ती साध्या मेडिकलच्या दुकानात मिळतात आणि बहुतेकांना परवडतात. तरीही माणसं वर्षानुवर्षं शिंकत राहतात, कारण लागू पडणारं औषध भीतीपोटी बाजूला राहतं आणि जपून घ्यायचं ते बिनदिक्कत घेतलं जातं. हे मनाला लागतं, म्हणून हा लेख.

गैरसमज : दही, केळी, गार पाणी यांनीच ही सर्दी होते

सर्दी होते विषाणूमुळे. ती चार-पाच दिवस जोर करते, आठ-दहा दिवसांत उतरते, घरात एकाकडून दुसऱ्याकडे जाते. अ‍ॅलर्जी कुणाकडून कुणाला लागत नाही. आपली प्रतिकारशक्ती परागकणासारख्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजते आणि तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवते. पुढच्या वेळी तोच कण नाकात शिरला की तिथल्या पेशी हिस्टामिन सोडतात. खाज, शिंका, पाणी ही त्याचीच कामगिरी. ओळखायची खूण म्हणजे खाज. मूल सारखं तळहातानं नाक वर चोळत असेल, डोळे चोळत असेल, जिभेनं टाळू खाजवून ‘कर्र कर्र’ आवाज काढत असेल, तर ती साधी सर्दी नसण्याचीच शक्यता जास्त.

आता दह्याबद्दल. ही अ‍ॅलर्जी श्वासावाटे येणाऱ्या कणांची आहे, ताटातल्या पदार्थांची नाही. काहींना गार हवेच्या झुळकीनं किंवा गार पेयानं शिंका येतात हे खरं, पण ते आधीच सुजलेल्या, चिडलेल्या नाकाचं लक्षण असतं. मूळ दुखणं तिथं नसतं. वाईट वाटतं ते मुलांचं. दही बंद, ताक बंद, केळी, पेरू, संत्री बंद, आणि एवढं करूनही शिंका चालूच. एखादा ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी ओठ सुजत असतील, अंगावर गांध्या येत असतील, तर त्याची वेगळी तपासणी करावी. एरवी मुलाला दही-भात खाऊ द्यावा.

आणि अँटिबायोटिक? ते जिवाणूंवर चालतं. इथे जिवाणूच नाहीत. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, हेही खरं नाही. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो रंग येतो.

गैरसमज : फुलांपासून लांब राहिलं की झालं

गुलमोहर फुलला की लोक त्याच्याकडे संशयानं बघतात. गुलाब, मोगरा, झेंडू यांच्यावरही हा आळ येतो. वास्तविक रंगीत, सुवासिक फुलं मधमाश्या-पाखरांना बोलावण्यासाठी असतात. त्यांचे परागकण जड आणि चिकट असतात, ते हवेत दूरवर उडत नाहीत. उग्र वासानं नाक चिडतं, पण ती चीड वेगळी. उदबत्ती, डासांची कॉइल, फोडणीचा ठसका यांनी होते तशी. खरे उपद्रवी असतात ती डोळ्यांत न भरणारी, वाऱ्यावर पराग सोडणारी झाडं : नाना जातींची गवतं, माठ आणि चाकवताच्या कुळातल्या वनस्पती, एरंड, सुरू, वावळ, वेडी बाभूळ. हे कण इतके बारीक की टाचणीच्या डोक्यावर शेकडो मावतील.

हे शोधून काढलं ते मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरानं. त्याला स्वतःलाच हा त्रास होता. त्यानं स्वतःच्या कातडीवर ओरखडे काढून पराग चोळले आणि अंगावर उठणारी गांध बघितली. पतंगाला चिकट काचपट्ट्या बांधून उंचावरच्या हवेतले कण मोजले. 1873 साली त्यानं हे सारं पुस्तकरूपानं मांडलं. आज अ‍ॅलर्जीची जी चाचणी त्वचेवर टोचून करतात, ती मुळात त्याच वाटेनं आलेली.

गाजर गवताबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ते आपल्या अंगणातलं दुखणं आहे. काँग्रेस गवत, चटकचांदणी अशीही नावं असलेलं हे मूळचं अमेरिका खंडातलं तण 1955-56 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेत आलं, आणि तिथून ते देशभर माजलं. याचा पराग नाकाला त्रास देतो, आणि झाडातलं पार्थेनिन नावाचं रसायन कातडीला. उन्हाळ्यात-पावसाळ्यात मान, चेहरा, कोपराच्या आतली बाजू काळवंडून खाज सुटते, शेतात राबणाऱ्या माणसांना तर फारच. दोन्ही त्रासांची शरीरातली यंत्रणा वेगवेगळी, झाड मात्र एकच. एका झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून ते फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं असतं. फुलल्यावर कोयत्यानं तोडलं तर ते पुन्हा फुटतं आणि तोडणाऱ्याच्या नाकात जातं. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्यानं या श्रमदानाला जाऊ नये.

पण शिंका वर्षभर येत असतील तर बाहेरच्या गवताला बोल लावण्यात अर्थ नाही. मग बघायचं ते गादीकडे.

धुळीतले किडे, ज्यांना डस्ट माइट म्हणतात, ते सुमारे पाव ते एक तृतीयांश मिलिमीटरचे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगावरून झडणारा कातडीचा कोंडा हे त्यांचं अन्न, आणि दमट हवा ही त्यांची गरज. मुंबई-कोकणात त्यांना बारा महिने सुगी. घाटावर पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने. त्रास त्या किड्यांच्या चावण्यानं होत नाही, ते चावतच नाहीत. त्यांची विष्ठा सुकून तिचे कण नाकात जातात त्यानं होतो. म्हणून सकाळी उठल्याबरोबर शिंका, कारण रात्रभर नाक उशीत होतं.

यावर करायचं ते असं. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा चांगल्या कढत, साठ अंशांच्या आसपासच्या पाण्यात धुवायचे. गार पाण्यात किडे मरत नाहीत. उशी-गादीला दाट विणीची खोळ घालायची. कापसाची गादी उन्हात टाकायची ती चांगली कडकडीत तापेपर्यंत, उलटून-पालटून, आणि नंतर बाहेरच झटकायची. उन्हानं किडे बरेच मरतात, पण त्यांची घाण तशीच राहते; ती झटकल्याशिवाय उपयोग नाही. घरात केरसुणीनं धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसायचं. दिवाळीत माळा काढायचं काम शिंका येणाऱ्याकडे द्यायचं नाही, आणि द्यावंच लागलं तर तोंडाला मास्क. एअर प्युरिफायरवर मात्र याच कारणासाठी पैसे घालू नयेत : माइटचे कण जड असतात, थोड्याच वेळात खाली बसतात, यंत्रापर्यंत पोचतच नाहीत.

गैरसमज : नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशनच करायला हवं

आपल्याकडे नाकाच्या कुठल्याही तक्रारीचं हे ठरलेलं उत्तर. नाकाचा मधला पडदा थोडा तिरका असणारी माणसं भरपूर आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीही होत नाही. आरशात बॅटरी धरून जी लालसर गाठ दिसते, ती बऱ्याचदा हाड नसून टर्बिनेट नावाची मांसल घडी असते, आणि ती सुजलेली असते अ‍ॅलर्जीनंच. पडदा फार वाकडा असेल, एक नाकपुडी कायम बंद असेल, तर ऑपरेशनचा उपयोग होतो. पण त्यानं वाट मोकळी होते, अ‍ॅलर्जी जात नाही. शिंका आणि खाज यांसाठी ऑपरेशन करून घेतलं तर वर्षभरानं पुन्हा शिंका आल्याची निराशा पदरी येते.

गैरसमज : स्टिरॉइडचा स्प्रे वाईट, त्याची सवय लागते

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं केलंय. संध्याकाळी सातला एखाद्या मेडिकलच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहा. एक जण येतो, म्हणतो, ‘नाक मोकळं करायचे थेंब द्या, नेहमीचे.’ मिळतात. त्याच्यामागे एक आई चिठ्ठी घेऊन आलेली असते. ती खोका उलटसुलट करून बघते, ‘यात स्टिरॉइड आहे का हो? मग राहू द्या, गोळीच द्या.’ दोघंही नेमकं उलट करत असतात.

सवय लागते ती त्या थेंबांची. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन या औषधांनी नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पाच मिनिटांत नाक मोकळं होतं. पण पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर असर उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणं. उशीखाली बाटली ठेवून झोपणारी, बाटली संपली की घाबरणारी माणसं आहेत. ते चक्र तोडायला डॉक्टरांची मदत घ्यावी लागते, आणि मदतीला बऱ्याचदा तोच स्टिरॉइडचा स्प्रे येतो.

फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांसारख्या स्प्रेमधलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, ते नाकाच्या आतल्या अस्तरावर काम करतं आणि रक्तात जातं ते नगण्य. पोटात घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळीशी त्याची बरोबरी करता येत नाही. नाक सतत चोंदत असेल, लक्षणं झोपेत आणि कामात अडथळा आणत असतील, तर जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत या स्प्रेला पहिल्या ओळीचं स्थान आहे. दुष्परिणाम नाहीत असं नाही : नाक कोरडं पडतं, कधी रक्ताची पुसट रेघ येते. लहान मुलांना महिनोन् महिने द्यायचा असेल तर डॉक्टर अधूनमधून उंची मोजतात, आणि तेवढी काळजी घ्यायलाच हवी.

‘मी वापरला, पण काही फरक पडला नाही,’ असं पुष्कळ जण सांगतात. त्यांना दोन प्रश्न विचारावे : किती दिवस वापरला, आणि कसा? हा स्प्रे थेंबांसारखा पाच मिनिटांत काम करत नाही. सूज हळूहळू उतरते. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे रोज घ्यावा लागतो. तिसऱ्या दिवशी सोडून दिला तर औषधाचा दोष नाही. ज्यांना ठरावीक महिन्यांतच त्रास होतो त्यांनी तो मोसमाच्या आधी आठ-पंधरा दिवस सुरू करावा. गाजर गवताच्या मोसमासाठी म्हणजे पाऊस ओसरायची वाट बघत बसू नये.

आणि कसा घ्यायचा? आधी नाक शिंकरून साफ करा. बाटली हलवा, नवी असेल तर हवेत दोन-चार वेळा दाबून फवारा बारीक येतोय ना बघा. मान मागे टाकू नका, उलट हनुवटी जराशी खाली. डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत. म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कडेकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा मारला की तिथंच रक्त येतं आणि औषध वाया जातं. दाबताना हळू श्वास घ्या. जोरात ओढू नका. घशात कडू चव उतरली तर समजा की औषध नाकात थांबलंच नाही. हे दाखवायला डॉक्टरांना एक मिनिट लागतं. त्यांनी दाखवलं नाही तर आपण मागून घ्यावं.

गैरसमज : झोप आली म्हणजे गोळी लागू पडली

जुन्या पिढीच्या क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन या गोळ्या मेंदूत शिरतात, म्हणून गुंगी येते. त्या गुंगीचा आणि गुणाचा काही संबंध नाही. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन यांसारख्या नव्या गोळ्या तितकाच गुण देतात आणि झोप फारशी आणत नाहीत. सेटिरिझिननं काहींना येते. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबरच घ्यावी, संत्र्या-सफरचंदाच्या रसानं ती कमी शोषली जाते. स्कूटर चालवणाऱ्यानं, यंत्रावर काम करणाऱ्यानं आणि परीक्षेला बसणाऱ्यानं गुंगीच्या गोळ्या टाळाव्यात. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांचा अभ्यास झाला, तो 2007 साली प्रसिद्ध झाला. हे फीव्हरची लक्षणं असलेल्या मुलांचे गुण परीक्षेत घसरण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि झोप आणणारी गोळी घेणाऱ्यांत आणखी जास्त.

मॉन्टेलुकास्ट असलेली जोडगोळी आपल्याकडे चण्या-फुटाण्यांसारखी खपते. 2020 साली अमेरिकेच्या एफडीएनं या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला : मनःस्थिती बिघडणं, भयाण स्वप्नं, आत्मघाताचे विचार असे परिणाम काहींना होतात, म्हणून साध्या नाकाच्या अ‍ॅलर्जीत दुसरे उपाय थकल्यावरच ते वापरावं. मूल ही गोळी सुरू झाल्यापासून चिडचिडं झालं असेल, रात्री ओरडून उठत असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा.

‘वर्षभर शिंका बंद’ म्हणून कमरेत देतात ते इंजेक्शन बहुतेकदा दीर्घकाळ टिकणाऱ्या स्टिरॉइडचं असतं. मधुमेही माणसाची साखर त्यानं आठवडोन् आठवडे वर राहते, आणि एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही. ज्या माउलीनं स्प्रेमधल्या स्टिरॉइडला नाही म्हटलं, तीच कधी कधी हे मुकाट्यानं घेते. बिनलेबलाच्या ‘दम्याच्या’ पुड्यांबाबतही हीच धास्ती. सुईत काय आहे आणि पुडीत काय आहे, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

घरगुती उपाय : काही खरे, काही नुसते

जलनेती खरी. कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुतल्यावर परागकण, धूळ, चिकट स्राव निघून जातो आणि औषधाची गरजही काहींना कमी लागते. अर्धा लिटर पाण्याला सपाट चमचाभराहून थोडं कमी मीठ, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास. पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. नळाचं, टाकीचं, विहिरीचं पाणी थेट वापरू नये. त्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असला तर तो नाकावाटे मेंदूत शिरतो आणि त्यातून माणूस क्वचितच वाचतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यात 2011 साली नळाचं पाणी नेतीत वापरून दोघं दगावले. भांडं रोज धुऊन वाळवावं. नेती आधी, स्प्रे नंतर.

वाफेनं घटकाभर बरं वाटतं, अ‍ॅलर्जी कमी होत नाही, आणि पातेलं सांडून पोरं भाजतात. गावरान मधानं प्रतिकार वाढतो ही कल्पना मोहक आहे, पण मधमाशी ज्या फुलांवर बसते त्यांचा पराग वाऱ्यावर उडणारा नसतोच. हळदीचं दूध आवडत असेल तर जरूर प्यावं. शिंका थांबवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये.

गैरसमज : हे जन्माचं दुखणं, यावर मूळ इलाज नाही

आहे. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात लिओनार्ड नून यांनी 1911 साली गवताच्या परागाचा अर्क थोडा थोडा टोचून शरीराला त्याची सवय लावायचा प्रयोग केला. त्याचंच सुधारलेलं रूप म्हणजे आजची इम्युनोथेरपी; इंजेक्शनं किंवा जिभेखालचे थेंब-गोळ्या. निदान तीन वर्षं चिकाटीनं घ्यावी लागते, सगळ्यांना लागू पडत नाही, आणि इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावं लागतं. पण ज्याला लागू पडते त्याला तिचा फायदा औषध थांबवल्यावरही काही वर्षं टिकतो.

त्याआधी नेमकी कशाची अ‍ॅलर्जी ते कळायला हवं. त्वचेवरची प्रिक टेस्ट किंवा रक्तातली आयजीई बघतात, आणि निकाल लक्षणांशी ताडून बघतात. चाचणीत काही ‘पॉझिटिव्ह’ आलं म्हणजे त्रास त्याचाच असं नाही. शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी चाचणी करून लांबलचक पथ्याची यादी देतात, त्या पैशांत चांगल्या खोळी येतील.

परदेशी गेलेल्या आपल्या मुलांनाही हे माहीत असावं. ‘पुणं सुटलं, शिंका सुटल्या’ असं पहिलं वर्ष-दोन वर्षं वाटतं. मग तिथल्या पराग-मोसमाची शरीराला ओळख होते : इंग्लंडात मे ते जुलै गवत, अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरात रॅगवीड. रॅगवीड आणि आपलं गाजर गवत एकाच कुळातलं, आणि एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्याची होऊ शकते.

गैरसमज : नुसत्या शिंकाच तर आहेत

नाक आणि फुप्फुस ही एकाच श्वासमार्गाची दोन टोकं आहेत. दमा असलेल्या बहुतेकांना नाकाची अ‍ॅलर्जीही असते, आणि नाक आवाक्यात नसलं की दमाही आवाक्यात राहत नाही. म्हणून शिंकांबरोबर रात्री खोकला येत असेल, जिना चढताना छातीत घरघर होत असेल, मूल तोंडानं श्वास घेत झोपत असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे त्यांना सांगा. एकाच नाकपुडीतून सतत पाणी किंवा रक्त येत असेल तर ती अ‍ॅलर्जी समजून घरी बसू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि कपाटात अर्धवट वापरलेला स्प्रे पडून असेल, तर त्याची तारीख बघा आणि पुढच्या भेटीला तो बरोबर न्या. डॉक्टरांसमोर एकदा मारून दाखवा.